एकट्याचा कारखाना

नोकरी सांभाळून फावल्या वेळात स्वतःचे सॉफ्टवेअर लिहावे, विकावे आणि चार पैसे गाठीला बांधावेत, असे वाटणारी मुले-मुली आता घरोघरी आहेत. हुशारी आहे, साधने आहेत, उमेदही आहे. तरी बहुतेकांचे गाडे अडते. ‘कसे बनवायचे’ हे त्यांना येते. ‘काय बनवायचे’ हे कुणी शिकवलेले नसते.

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवणे झालेली, ओटा आवरलेला, उद्याची भाजी निवडून फ्रिजमध्ये गेलेली. आतल्या खोलीच्या दाराखालून मात्र उजेडाची रेघ दिसत असते. आई दार ढकलून विचारते, ‘‘ऑफिसचं काम अजून संपलं नाही का रे?’’ मुलगा मान वर न करता सांगतो, ‘‘ऑफिसचं नाही गं, माझं स्वतःचं आहे. एक ॲप बनवतोय.’’ आईला आठवते, गेल्या दिवाळीतही असेच एक ॲप चालले होते. त्याआधी एक वेबसाइट होती. त्यांचे पुढे काय झाले हे तिने विचारलेले नाही आणि त्यानेही सांगितलेले नाही.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात, अगदी इचलकरंजीतही हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. घरात एक तरी संगणक अभियंता असतो आणि त्याच्या संगणकात अर्धवट सोडलेल्या चार-पाच प्रकल्पांचे छोटेसे संग्रहालय असते. प्रत्येक प्रकल्प मोठ्या उत्साहाने सुरू झालेला, रात्री जागून रंगवलेला आणि मग एका पावसाळ्यात गुपचूप बंद पडलेला. यात पैसा फारसा जात नाही, त्यामुळे कुणी हळहळत नाही. जातो तो वेळ. आणि तो एकट्या मुलाचा नसतो. बायकोशी बोलायचा, मुलांना गोष्ट सांगायचा, आईवडिलांजवळ बसायचा तोच वेळ असतो. म्हणून हा विषय घरातल्या सर्वांचा आहे.

तसे पाहिले तर जोडधंदा आपल्याला काही नवा नाही. गिरणीतल्या पगारात भागत नसे तेव्हा घरातल्या बाईने पापड लाटले, शिवणाचे मशीन घेतले, खानावळ चालवली. मास्तरांनी शिकवण्या घेतल्या, कारकुनाने विम्याची एजन्सी घेतली. या मंडळींनी व्यवस्थापनाचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते, पण एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. आपला माल कोण घेणार, हे त्यांना पहिल्या दिवशीच माहीत असे. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना ब्लाऊज शिवून हवा आहे, हे कळल्यावरच मशीन घरात येई. आपला अभियंता नेमके उलटे करतो. आधी महिनोन्‌महिने माल तयार करतो आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतो.

दहा डॉलरची चिठ्ठी

एकट्याने सॉफ्टवेअर विकण्याची गोष्ट सुरू होते १९८२च्या सुमारास. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिॲटलजवळ, जिम नॉफ नावाचे गृहस्थ आयबीएम कंपनीत नोकरीला होते. चर्चच्या मंडळींना पत्रे पाठवायची तर पाकिटांवर पत्ते लिहीत बसावे लागे. ते छापून निघावेत म्हणून नॉफ यांनी घरच्या संगणकावर फावल्या वेळात एक छोटी आज्ञावली लिहिली. नावे, पत्ते किंवा कसलीही माहिती साठवून ठेवायची आणि हवी तशी काढायची, एवढेच तिचे काम.

ती ऑफिसातल्या सहकाऱ्यांना आवडली. त्यांनी प्रती मागून नेल्या, त्यांच्याकडून आणखी लोकांकडे गेल्या. आज्ञावलीत सुधारणा झाली की सगळ्यांना कळवायचे, तर टपालखर्च अंगावर येऊ लागला. तेव्हा नॉफ यांनी एक युक्ती केली. फ्लॉपीतच चिठ्ठी घातली: ही आज्ञावली उपयोगी वाटली तर मला दहा डॉलर पाठवा आणि खुशाल मित्रांनाही द्या. कुणी आपण होऊन पैसे पाठवील असे वाटणे हा वेडेपणा आहे, असे त्यांच्या पत्नीचे म्हणणे होते. नॉफ यांनी स्वतःच पुढे ही आठवण लिहून ठेवली आहे.

योगायोग असा की, त्याच सुमारास कॅलिफोर्नियात अँड्र्यू फ्लूगलमन यांनीही टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारी ‘पीसी-टॉक’ ही आज्ञावली अशाच पद्धतीने वाटायला सुरुवात केली होती. दोन्ही फ्लॉप्या हाती पडलेल्या एकाने नॉफ यांना त्याची खबर दिली. दोघांनी एकमेकांशी संपर्क साधला, एकमेकांच्या मालाची शिफारस करायचे ठरवले आणि किंमत पंचवीस डॉलर केली. नॉफ यांच्या आज्ञावलीचे नाव झाले ‘पीसी-फाइल’. जर्मन भाषेत ‘नॉफ’ म्हणजे बटण, म्हणून त्यांनी आपल्या कंपनीचे नाव ठेवले ‘बटनवेअर’. पुढे या पद्धतीला ‘शेअरवेअर’ म्हणू लागले. १९८४ साली पीसी-फाइलचे उत्पन्न आयबीएमच्या पगाराच्या दहापट झाले, तेव्हा कुठे नॉफ यांनी नोकरी सोडली.

या गोष्टीत घेण्यासारखे बरेच आहे. डोळे दिपवणारे तंत्र त्यात कुठेच नव्हते. पत्ते छापणे ही ओळखीच्या माणसांची रोजची कटकट होती. लोक ती आज्ञावली मागून नेत आहेत हे आधी दिसले, किंमत नंतर ठरली. आणि राजीनामा सर्वांत शेवटी आला. आपल्याकडे अनेकांचा क्रम नेमका उलटा असतो. कल्पना सुचते, राजीनाम्याचा विचार येतो, मग तंत्र निवडले जाते आणि गिऱ्हाईक तेवढे राहून जाते.

तीस मुलांचे तीस कागद

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातले. पॅट्रिक मॅकेन्झी हा अमेरिकन तरुण जपानमध्ये नोकरी करत होता. जपानी कंपनीतली नोकरी म्हणजे वेळ कसा जातो हे सांगायला नको. २००६मध्ये त्याने आठवडाभराच्या फावल्या वेळात आणि सुमारे साठ डॉलर खर्चून एक छोटी आज्ञावली तयार केली. तिचे काम काय? तर बिंगोचे कागद छापणे.

बिंगो म्हणजे आपल्याकडच्या हाउजीचा भाऊबंद. अमेरिकेत प्राथमिक शाळेच्या बाई मुलांना शब्द ओळखायला शिकवण्यासाठी आकड्यांच्या जागी शब्द घालून हा खेळ घेतात. अडचण एकच. वर्गात तीस मुले असली तर तीस वेगवेगळे कागद हवेत, नाहीतर सगळीच मुले एकदम ‘बिंगो’ म्हणून ओरडतील. हाताने ते करायचे तर बाईंची अख्खी संध्याकाळ जाते. मॅकेन्झीची आज्ञावली हे काम काही मिनिटांत करी. किंमत सुमारे पंचवीस डॉलर, पुढे तीस.

त्याच्या व्यवसायातले मित्र याला हसले असतील तर नवल नाही. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमावे असे हे काम. पण बाईंना संगणकशास्त्राशी काय देणेघेणे? त्यांना हवी होती आपली संध्याकाळ. मॅकेन्झीने पुढची मेहनत आज्ञावलीवर कमी आणि ती बाईंपर्यंत पोहोचवण्यावर जास्त घेतली. हॅलोविन आला की हॅलोविनच्या शब्दांचे बिंगो, नाताळ आला की नाताळचे. शिक्षिका इंटरनेटवर जे शोधतील ते त्यांना मिळेल अशी शेकडो पाने त्याने तयार करून घेतली. विक्रीचे आकडे तो जाहीरपणे मांडत असे, त्यामुळे जगभरच्या होतकरूंना त्यातून शिकता आले. २०१०मध्ये त्याने नोकरी सोडली.

भारतीय भाषांनाही अशा एका माणसाच्या कामाचा लाभ झालेला आहे. संगणकावर कन्नड लिहिता यावे म्हणून शेषाद्रीवासू चंद्रशेखरन यांनी १९९८मध्ये ‘बरह’ ही आज्ञावली आणली. पुढे तिच्यात देवनागरीही आली आणि अनेक मराठी माणसांनी आपली पहिली मराठी पत्रे तिच्यावर टंकलिखित केली. आपल्या भाषेत लिहिता येत नाही ही अडचण त्यांना कुणी बाहेरून सांगावी लागली नव्हती.

पैसा आला, पण झोप गेली

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल, गिऱ्हाईक ओळखले की काम झाले. पण फावल्या वेळातल्या कामाला आणखी एक अट असते. ते करताना माणूस सुखात राहिला पाहिजे. दिवसभराच्या कामाने पिचलेला माणूस रात्री आणखी एक कंटाळवाणी नोकरी फार दिवस करू शकत नाही.

व्हिएतनामची राजधानी हनोई. तिथल्या डोंग न्युएन या तरुणाने २०१३मध्ये काही दिवसांत ‘फ्लॅपी बर्ड’ हा मोबाइलवरचा छोटा खेळ तयार केला. एक पक्षी नळकांड्यांच्या मधून उडवायचा, बस्स. कित्येक महिने कुणी त्याकडे पाहिलेही नाही. २०१४च्या जानेवारीत मात्र जगभर त्याचे वेड पसरले. जाहिरातींतून रोज पन्नास हजार डॉलर मिळतात, असे त्याने एका मुलाखतीत सांगितले. आणि फेब्रुवारीत त्याने तो खेळ स्वतःच्या हाताने काढून टाकला! लोकांना त्याचे व्यसन लागते आहे ही टोचणी होती, आणि आपले साधे आयुष्य या खेळाने नासवले, असे त्याचे म्हणणे होते. पैशाला लाथ मारली म्हणून कुणी त्याला वेडा म्हणाले, कुणी शहाणा. पण जे घडले त्याला तो तयार नव्हता, एवढे खरे.

‘वर्डल’ची कथा याहून गोड, पण शेवटाला तिचाही सूर तोच. जॉश वॉर्डल या अभियंत्याने पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ केला तो मुळात आपली सहचारिणी पलक शाह हिच्यासाठी. तिला शब्दकोड्यांचा नाद. पाच अक्षरांचे सुमारे बारा हजार इंग्रजी शब्द तिने चाळून त्यातले ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास निवडले, आणि खेळ रंगला तो या निवडीमुळे. दिवसाला एकच कोडे, जाहिरात नाही, पैसे नाहीत. १ नोव्हेंबर २०२१ रोजी तो खेळणारे होते नव्वद लोक; २ जानेवारी २०२२ला तीन लाख; त्यानंतर दशलक्षांत. हा पसारा एकट्याने सांभाळण्याची वॉर्डलची इच्छा नव्हती. महिना संपता संपता त्याने तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला विकला. किंमत दहा लाख डॉलरच्या वर, एवढेच जाहीर झाले.

आणि आपले जिम नॉफ? त्यांचा धंदा भरभराटला, माणसे कामावर आली, आकडा लाखो डॉलरच्या घरात गेला. १९९२मध्ये, पन्नाशीही गाठलेली नसताना, हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी निवृत्ती घेतली. संध्याकाळचा छंद म्हणून सुरू झालेले काम चोवीस तासांचे झाले की त्यातली गंमत संपते.

तेव्हा ‘हे बनवायला मजा येईल का’ या प्रश्नावर थांबून चालत नाही. बनवायला मजा येतेच. नवे लुगडे नेसायला कुणाला आवडत नाही? ‘तीन वर्षांनी, याच गिऱ्हाइकांचे फोन घेताना मला आनंद वाटेल का’ हा खरा प्रश्न. शाळेतल्या बाईंशी बोलायला ज्याला आवडते त्याने शाळेसाठी काही करावे. व्यापाऱ्याच्या हिशेबात ज्याला रस नाही त्याने, कितीही पैसा दिसला तरी, हिशेबाच्या वाटेला जाऊ नये.

घर कोण चालवत होते?

आवडीच्या जोरावर अशक्य ते शक्य झाल्याची उदाहरणेही आहेत आणि तरुण मुले तीच आधी सांगतात. सिॲटलच्याच एरिक बॅरोनचे नाव त्यात हमखास येते. शेती, गाव, माणसे असा संथ आणि देखणा ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ त्याने एकट्याने तयार केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, संवाद त्याचे, आज्ञावली त्याची. सुमारे साडेचार वर्षे खपून २०१६च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. दोन महिन्यांत दहा लाखांवर प्रती गेल्या आणि २०२४ संपेपर्यंत हा आकडा चार कोटींच्या पुढे गेला.

हे सांगताना एक गोष्ट मात्र गाळली जाते. त्या साडेचार वर्षांत बॅरोन एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करी आणि घर मुख्यतः त्याच्या जोडीदारणीच्या कमाईवर चाले. तिने ‘पुरे आता’ म्हटले असते तर? ती म्हणाली नाही, म्हणून जगाला तो खेळ मिळाला. पण प्रत्येक यशामागे अशा दहा जणी उभ्या असतील ज्यांच्या घरी तो आकडा कधी आलाच नाही. अशी साडेचार वर्षे घ्यायची असतील तर ती घरच्यांना विचारून घ्यावीत, गृहीत धरून घेऊ नयेत.

पाच चाळण्या

मग निवडायचे कसे? धान्य चाळावे तशी कल्पना चाळावी. पाच चाळण्या पुरेत.

पहिली: हे विकत घेतील अशा दहा माणसांची नावे लिहिता येतात का? ‘तरुण वर्ग’, ‘छोटे व्यापारी’ ही नावे नव्हेत. ज्यांच्या दारात उद्या जाऊन उभे राहता येईल अशी दहा माणसे. दुसरी: त्या कामासाठी ती माणसे आज काही खर्चतात का? पैसा नाही तर वेळ, वेळ नाही तर वही-पेन. जिथे आज वहीसुद्धा ठेवली जात नाही, तिथे ॲपही ठेवले जाणार नाही. तिसरी: वापरण्याजोगे पहिले रूप सहा ते आठ शनिवार-रविवारांत एकट्याला पुरे होईल का? चौथी: रात्री दोनला बंद पडले तर काय होईल? दवाखान्यातली औषधे, लोकांचे पैसे, प्रवासाची तिकिटे यांत एकट्या माणसाने शिरू नये. सकाळपर्यंत थांबू शकेल असेच काम निवडावे. पाचवी चाळणी वर आलीच आहे: त्या माणसांशी तीन वर्षे बोलायला आवडेल का?

आता आपल्या आसपासच्या काही कल्पना या चाळणीत घालून पाहू. ‘कामांची यादी’ ठेवणारे ॲप ही प्रत्येक अभियंत्याची पहिली कल्पना. ती पहिल्याच चाळणीत अडकते, कारण फुकटची शंभर उपलब्ध आहेत. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या? गिऱ्हाईक दिसते, वहीही दिसते, पण धंदा वर्षातून पंधरा दिवसांचा आणि त्या पंधरा दिवसांत शंभर मंडळांचे फोन एकाच वेळी. भिशीचा हिशेब? दुसऱ्यांचे पैसे आले, भांडणे आली. चौथ्या चाळणीत बाद.

डबे देणाऱ्या काकूंचे काय? गावाबाहेरून शिकायला आलेली साठ मुले त्यांच्याकडे जेवतात. कुणी एकवेळचा डबा घेतो, कुणी दोन वेळचा; कुणी शनिवारी गावी जातो. महिनाअखेर खाड्यांचा हिशेब करताना काकू आणि मुले यांच्यात हटकून वाद होतो. ‘‘काकू, मी चार दिवस नव्हतो.’’ ‘‘चार कुठले रे, वहीत तर दोनच खाडे आहेत!’’ ही कटकट खरी आहे, वही आहे, दहा नावे एका गल्लीत मिळतील, काम छोटे आहे, आणि रात्री दोनला कुणी जेवत नाही.

पण काकू पैसे किती देतील? गृहीत धरू, महिन्याला दीडशे रुपये. चाळीस काकू मिळाल्या तर महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. आता वेळ मोजू. रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे. पाचशे तास झाले. तासाला एकशे चव्वेचाळीस रुपये पडले, आणि तेही चाळीस काकू पहिल्या दिवसापासून मिळाल्या तर! एवढ्यासाठी जागरणे करावीत का, असे कुणीही विचारील. मात्र दुसऱ्या वर्षी काम मूळ धरलेले असेल आणि शंभर तासांत भागत असेल, तर तोच तास सातशे वीस रुपयांचा होतो. शिकवणीत हे घडत नाही. दुसऱ्या वर्षीही तेवढेच तास घ्यावे लागतात. सॉफ्टवेअरची सगळी गंमत या दुसऱ्या वर्षात आहे. म्हणून जे एकदा नीट झाले की फारसे हात लावावे लागत नाहीत, ते निवडावे. नफा आणि सुख ही दोन्ही इथे एकाच दावणीला बांधलेली आहेत.

शाळा घ्या. रोज सकाळी दोन-तीन शिक्षक रजेवर असतात आणि त्यांच्या तासांना कुणाला पाठवायचे याची जुळवाजुळव पर्यवेक्षक बाई घंटा होण्याआधीच्या वीस मिनिटांत करतात. ‘मलाच का नेहमी?’ ही तक्रार त्यांना रोज ऐकावी लागते. इथे पैसे देणारी शाळा आहे, वाचणारा वेळ रोजचा आहे आणि ज्याच्या घरात शिक्षिका आहे त्याला विषयाची खडान्‌खडा माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आईच्या, बहिणीच्या, सासऱ्यांच्या कामातली कटकट ही अभियंत्याच्या हाताशी असलेली खाण आहे. तो ती सोडून अमेरिकेतल्या अनोळखी माणसाच्या गरजा शोधत बसतो.

दाम सांगायला लाजू नये

मराठी माणसाची एक जुनी खोड इथेही आडवी येते. पैसे मागायची लाज वाटते. ‘आधी फुकट देऊ, लोक आले की बघू,’ असे म्हटले जाते. फुकट घेणारा वापरत नाही, आणि वापरलेच तर तक्रारी मात्र सर्वांत जास्त करतो. पैसे मोजून घेणारा खरे बोलतो. आज्ञावली नको असेल तर तो पैसे देणार नाही, आणि हे पहिल्या महिन्यात कळलेले बरे. मात्सेय त्सेग्वोव्स्की या प्रोग्रॅमरने २००९मध्ये इंटरनेटवरच्या खुणा जपून ठेवण्याची ‘पिनबोर्ड’ ही एकहाती सेवा काढली, तेव्हा तशा सेवा फुकट मिळत होत्या. त्याने पहिल्यापासून प्रवेशशुल्क ठेवले आणि प्रत्येक नव्या सभासदामागे ते किंचित वाढत जाईल अशी योजना केली. फुकटच्या कित्येक सेवा मिटल्या, त्याची टिकली.

विकण्याची सोयही आता पूर्वीसारखी अवघड नाही. नॉफ यांना फ्लॉप्या पाकिटात घालाव्या लागत. आज मोबाइलच्या दुकानात माल ठेवता येतो. त्या दुकानदारांचे कमिशन एके काळी सरसकट तीस टक्के होते. २०२१मध्ये ॲपल आणि गूगल या दोघांनीही वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या विक्रीवर ते पंधरा टक्क्यांवर आणले. एकट्या माणसाला हा फरक मोठा.

नेमणूकपत्र काढून वाचा

एक सावधगिरीची सूचना मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनीच करायला हवी. नोकरीत असताना दुसरे काम करायला मालकाची परवानगी आहे का? २०२२च्या सप्टेंबरमध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी परस्पर काम करणाऱ्या तीनशे जणांना काढल्याचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीर केले, तेव्हा हिंजवडीपासून बंगळूरपर्यंत अनेक घरांत झोपा उडाल्या. इन्फोसिसने त्याच वर्षी आधी कडक ताकीद दिली आणि पुढच्याच महिन्यात, वरिष्ठांची संमती घेऊन, हितसंबंध आड येत नसतील तर बाहेरचे काम करायला मुभा दिली.

स्वतःचे छोटे ॲप म्हणजे प्रतिस्पर्ध्याची चाकरी नव्हे, हे खरे. पण नोकरीच्या काळात केलेले काम कुणाच्या मालकीचे, याचे कलम अनेक नेमणूकपत्रांत असते. कपाटातून ते पत्र काढून वाचावे. संमती लागत असेल तर लेखी घ्यावी. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसची वेळ आणि ऑफिसमधली माहिती यांना हात लावू नये. मिळालेले उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे आणि ओळखीच्या सीएला एकदा भेटावे. उद्या धंदा खरोखर वाढला तर त्याचा पाया सरळ असलेला बरा.

आता यंत्रच लिहिते, तेव्हा

शेवटी आजचा प्रश्न. २०२२च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ आले आणि त्यानंतर आज्ञावल्या लिहून देणारी यंत्रेही घरात आली. ज्या कामाला सहा आठवडे लागत ते काही वेळा सहा दिवसांत होते. मग एकट्याच्या कारखान्याला अर्थ उरला का, असे पालक विचारतात.

उरला, पण किल्ली हलली. लिहिणे स्वस्त झाले की लिहिलेल्याचे ढीग पडतात. उद्या कुणीही डब्याच्या हिशेबाचे ॲप चार दिवसांत करील. पण काकूंना महिन्याच्या मधेच डबा बंद करणाऱ्याचा हिशेब कसा हवा असतो, एकादशीचा डबा खाड्यात धरायचा की नाही, पाहुणा जेवला तर पैसे कुणाच्या नावावर, हे यंत्राला कोण सांगणार? जो काकूंच्या ओट्याशी बसून चहा पिऊन आला आहे, तोच. संगणकाची विद्या सर्वांना सारखीच मिळू लागली, तेव्हा माणसाच्या ओळखीचा भाव वाढला. नॉफ यांना आपली चर्चमधली मंडळी ठाऊक होती, मॅकेन्झीला वर्गातल्या बाईंची अडचण ठाऊक होती, वॉर्डलला घरातल्या माणसाची आवड. त्यांचे भांडवल ते होते.

म्हणून रात्री साडेदहाला दाराखाली उजेडाची रेघ दिसली तर रागावू नये. ‘किती जागशील’ असे म्हणून दिवाही घालवू नये. आईने आत जावे, पलंगाच्या कडेवर बसावे आणि एकच विचारावे, ‘‘हे तू कुणासाठी बनवतोयस?’’

उत्तरादाखल एखाद्या माणसाचे नाव आले, तर निर्धास्तपणे झोपायला जावे. नाव आले नाही, तर शनिवारी त्याला सोबत घेऊन डब्याच्या काकूंकडे जावे, नाहीतर शाळेतल्या बाईंकडे. बाकीचे त्याला येते.